साध्या इलेक्ट्रिक गिटारवर स्टीलचा आवाज: तारा स्टँडर्डच ठेवाव्यात की उतरवाव्यात?

सहावी तार, देवगड

गणपती जवळ आले की वाद्यवृंदांच्या तालमींत हा वाद हमखास होतो. जुन्या चित्रपटगीतांत हवाईयन गिटारचे तुकडे असतात, एखाद्या चालीला कंट्रीचा बाज असतो आणि मंचावर असते एकच सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार. बरेच जण लगेच तारा उतरवून ओपन ट्यूनिंगला (मोकळ्या तारा छेडल्या की कॉर्ड वाजतो अशा जुळणीला) जातात आणि बोटात स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी) घालतात. माझं मत स्पष्ट आहे: नेहमीच्या स्टँडर्ड ट्यूनिंगला (जाड तारेकडून ई-ए-डी-जी-बी-ई) हात लावू नका. पेडल स्टीलची (पायातल्या पेडलांनी तारांचे सूर बदलणाऱ्या आडव्या गिटारची) ओळख पटते ती दोन गोष्टींनी. बाकीचे सूर स्थिर असताना त्यांच्यातला एकच सूर सरकतो आणि आवाज उपटल्यासारखा न येता फुलत जातो. दोन्ही गोष्टी स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये होतात.

ए मेजरचं उदाहरण घ्या. तिसऱ्या तारेवर (पहिली म्हणजे सगळ्यात बारीक) चौथा फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेलं चौथं घर, मधल्या बोटाने धरा, तर्जनी त्याच तारेवर मागच्या फ्रेटला आधाराला ठेवा. दुसरी तार पाचव्या फ्रेटला अनामिकेने, पहिली तार पाचव्या फ्रेटला करंगळीने. तिन्ही तारा एकदम उचला आणि तिसरी तार चौथ्या तारेकडे ढकलून बी चा सी शार्प करा. वरचे ई आणि ए जागचे हलता कामा नयेत. सूर पोचला का हे तपासायला तीच तार सहाव्या फ्रेटला वाजवून बघा. हात बसेपर्यंत हेच डी मध्ये करा, म्हणजे तिसरी तार नववा फ्रेट आणि वरच्या दोन्ही दहाव्याला. नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) लांब असल्याने तिथे तार सहज वाकते.

तिन्ही तारा पिकने ओढल्या तर त्या एकामागोमाग वाजतात आणि सगळा भास तिथेच मोडतो. पिक अंगठ्यात धरा, उरलेल्या दोन तारा मधल्या बोटाने आणि अनामिकेने उचला. तारा ९ किंवा १० च्या सेटच्या (पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). तिसरी तार प्लेनच, म्हणजे न गुंडाळलेली हवी, १६ किंवा १७ ची. ब्रिज पिकअप, टोन ६ ते ७, आवाज स्वच्छ.

व्हॉल्यूम पेडलबद्दल एक गोष्ट. स्टीलवाले पेडल फक्त सुरुवातीचा ठोका लपवायला वापरत नाहीत. सूर छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर असतं आणि सूर विरत जाईल तसं ते पुढे दाबत नेतात. त्यामुळे सूर लांबतो. पेडल नसेल तर करंगळीने गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब फिरवा.

खाडीपलीकडे, गुहागर

दादा, तुम्ही सांगितलंत ते पेडल स्टीलसाठी ठीक आहे. पण आपल्याकडच्या गाण्यांत पेडल स्टील किती? व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली या गिटारवादकांच्या रेकॉर्ड ऐका. तिथे गाण्याची चाल एक-दोन तारांवर चालते आणि सगळा जीव मींडेत असतो. सा वरून म पर्यंत अखंड जायचं तर बोटाने तार किती वाकवणार? एक-दीड स्वरापुढे हलकी तारसुद्धा साथ देत नाही आणि बोटाने सरकवलं तर मधले फ्रेट पायऱ्यांसारखे ऐकू येतात. बार (तारांवर टेकवून सरकवायचा धातूचा ठोकळा) किंवा स्लाइड हवीच.

दुसरा मुद्दा कंपनाचा. फ्रेटवर दाबलेली तार हलवली की सूर फक्त वर चढतो. बार मागेपुढे हलतो तेव्हा सूर मूळ जागेच्या वरही जातो आणि खालीही. कानाला ‘स्टील’ कळतं ते यावरून. आधी तार चढवून ठेवून मग हलवली तर खालचा अर्धा भाग मिळतो, पण ते एका तारेवर जमतं, दोन-तीन तारांवर नाही.

आणि पेडल स्टीलचं तरी काय? ई-नाइन या त्याच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ए पेडलने बी चे सी शार्प होतात, बी पेडलने जी शार्पचे ए. दोन्ही एकत्र दाबले की ई मेजरचा ए मेजर होतो. म्हणजे एक तार पूर्ण स्वराने चढते, दुसरी अर्ध्याने, आणि दोन्ही एकाच क्षणी पोचतात. बोटांनी हे सुरात करणारे फार थोडे.

माझा सल्ला: ओपन जी. सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. मधल्या तिघी जशा आहेत तशा. जुनं हवाईयन ए मेजर ट्यूनिंग ई-ए-ई-ए-सी शार्प-ई असं आहे. ओपन जी म्हणजे तेच, एक स्वर खाली. ए ला जायचं तर तीन तारा पूर्ण स्वराने चढवाव्या लागतात, प्रत्येकीवरचा ताण जवळजवळ सव्वापट होतो आणि तिसरी तार बरोबर कार्यक्रमात तुटते. जी मध्ये हा धोका नाही.

सहावी तार, देवगड

मींडेचं मान्य. पण स्लाइडसाठीही तारा उतरवायची गरज नाही. चौथी ते पहिली या तारा मोकळ्या वाजवा: डी-जी-बी-ई. हा जी सिक्स्थ, म्हणजे जी मेजरमध्ये सहावा स्वर ई मिळवलेला कॉर्ड आहे. चौथी-तिसरी-दुसरी मिळून जी मेजर, तिसरी-दुसरी-पहिली मिळून ई मायनर. स्लाइड जिथे न्याल तिथे मेजर आणि त्याचाच जवळचा मायनर दोन्ही हाताशी. हवाईयन सी-सिक्स्थचा गोडवा याच सहाव्या स्वरातून येतो.

स्लाइड करंगळीत घाला, म्हणजे बाकीची तीन बोटं कॉर्डला मोकळी. एका कार्यक्रमात वीस-पंचवीस गाणी असतात, निवेदक बोलायचा थांबला की पुढचं सुरू. तीन तारा उतरवून परत चढवायला वेळ कुठे आहे? आणि लगेच चढवलेली तार पहिल्या अंतऱ्यात पुन्हा उतरते.

ट्रेमोलोवाला, मालवण

दोघांनीही एक गोष्ट सोडली. आपल्या भागात निम्म्याहून जास्त गिटारी स्ट्रॅट पद्धतीच्या, तरंगत्या ट्रेमोलोच्या (तारा धरणारा ब्रिज स्प्रिंगांवर तोललेला असतो आणि दांड्याने हलतो अशा). त्यांवर तिसरी तार वाकवली की स्प्रिंग ताणल्या जातात, ब्रिज पुढे झुकतो आणि स्थिर ठेवलेले दोन सूर उतरतात. वाजवणाऱ्याला वाटतं आपलं बोट चुकतंय. ओपन जी ला तर आणखी वाईट: एक तार उतरवली की बाकीच्या चढतात, त्या जुळवल्या की पहिली बिघडते.

मागचं झाकण काढा. स्प्रिंगचा पंजा धरणारे दोन स्क्रू समान फेऱ्यांनी आवळा. तीन स्प्रिंग असतील तर पाच करा. ब्रिज बॉडीवर सपाट टेकला पाहिजे. तरीही उचलत असेल तर आतल्या लोखंडी ठोकळ्यामागे सागवानाचा तुकडा घट्ट बसवा. लाकूड सुकं आणि मुरलेलंच घ्या, ओलं लाकूड पावसाळ्यानंतर आकसतं आणि गाळा पडतो.

पण ज्यांना हवाईयन कंपन हवंय त्यांनी हे करू नये असं माझं ठाम मत आहे. तरंगत्या ट्रेमोलोचा दांडा हलक्या हाताने हलवला की सूर वर-खाली दोन्हीकडे जातो, तोही सगळ्या तारांवर एकत्र. खाडीपलीकडे यांचा कंपनाचा आक्षेप इथे सुटतो. म्हणून आधी ठरवा: दोन-तीन तारांतली एक सरकवायची आहे की सगळा कॉर्ड थरथरवायचा आहे. एकाच स्ट्रॅटवर दोन्ही चांगलं होत नाही.

खाडीपलीकडे, गुहागर

दादा, तुमचा जी सिक्स्थचा मुद्दा कागदावर खरा आहे. प्रत्यक्षात स्टँडर्डमध्ये स्लाइड फिरवताना पाचवी-सहावी तार नको ते सूर गुणगुणत राहते. उजव्या अंगठ्याने खालच्या तारा आणि स्लाइडमागे तर्जनीने सगळ्या, असं दोन्हीकडून दाबावं लागतं. ओपन जी मध्ये चुकून वाजलेली तारसुद्धा कॉर्डातलीच असते. ॲक्शनचं, म्हणजे तारांच्या फ्रेटपासूनच्या उंचीचं तर तुम्ही बोललाच नाहीत. बेंडसाठी बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटर लागते, स्लाइडला दोन ते अडीच. कमी ठेवलीत तर स्लाइड फ्रेटवर खडखडते, जास्त दाबलीत तर सूर चढा लागतो. आणि स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या अगदी वर हवी, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही.

वेंगुर्ला स्टील

एखादी जुनी गिटार पडून असेल तर दोघांचंही ऐकू नका, ती कायमची मांडीवर घ्या. नटवर चढवायचा धातूचा उंच नट मिळतो, चिकटवावा लागत नाही, तारांच्या ताणाने बसतो. मग ब्रिजच्या सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) एका पातळीत आणा, कारण मान गोलसर असते आणि सपाट बार मधल्या तारांवरच टेकून कडेच्या सोडतो.

ट्यूनिंग खरं सी-सिक्स्थ: जाड तारेकडून सी-ई-जी-ए-सी-ई. हे नेहमीच्या सेटवर करायला जाऊ नका, चौथी तार डी वरून जी ला पाच अर्धस्वर चढते, म्हणजे तुटते. साडेपंचवीस इंची मानेला बारीककडून १२, १५, १८, २० प्लेन आणि २६, ३२ गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर साधारण १० किलोचा ताण येतो, सगळ्या एकसारख्या कडक लागतात. सुट्या तारा इथे मिळत नाहीत, मुंबईहून किंवा कोल्हापूरहून मागवा. खाऱ्या हवेत प्लेन तार लवकर गंजते आणि गंजलेल्या तारेवर बार करकरतो. मींडेत ते सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने वरून आणि खालून पुसा. गुंडाळलेल्या दोन तारा कोटिंगच्या घेतल्यात तर उत्तम.

सहावी तार, देवगड

वेंगुर्ला, तुमची मांडणी हवाईयनसाठी सगळ्यात खरी, पण त्यासाठी दुसरी गिटार लागते. एकाच गिटारवाल्याला मी अजूनही हेच सांगेन की स्टँडर्ड ठेवा, ॲक्शन १.८ च्या आसपास ठेवा, स्लाइड करंगळीत घाला.

पेडल घेणाऱ्यांसाठी राहिलेलं एक. गिटार थेट जोडणार असाल तर २५० किलोओहमचं पेडल घ्या. २५ किलोओहमचं पेडल पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला थेट जोडलं की वरचे सूर गिळले जातात, आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो आणि लोक ॲम्पला दोष देतात. कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार सपाट करणारं यंत्र) व्हॉल्यूम पेडलच्या आधी लावा. नंतर लावलात तर पायाने केलेला चढउतार तो पुन्हा सपाट करतो. डिले (पडसाद देणारं यंत्र) सगळ्यात शेवटी, ३५० मिलिसेकंदांच्या आसपास, दोनच पडसाद.

खाडीपलीकडे, गुहागर

१.८ वर माझ्या मते दोन्ही अर्धवट होतं, पण पेडलच्या क्रमाशी सहमत. फक्त मंडपात डिले आणखी कमी करा, पत्र्याच्या छपराखाली घुमारा आधीच भरपूर असतो.