समाजशास्त्र हा 'विषय' कसा झाला? वाचन कुठून सुरू करू?

निळी_शाई

नमस्कार. सांख्यिकीत पदवी घेतली, नऊ वर्षं आकडेवारीच्या कामात गेली आणि आता समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलाय. पहिलाच पेपर विषयाच्या इतिहासाचा आहे. हाती आलेल्या सगळ्या नोट्स 'ऑगस्ट कॉम्त हे समाजशास्त्राचे जनक' या एकाच वाक्याने सुरू होतात. मग स्पेन्सर, मार्क्स, दुर्खीम, वेबर, भिंतीवर ओळीने तसबिरी लावाव्यात तसे. जन्म, मृत्यू, ग्रंथ, चार संकल्पना. पाठ होतं, पण उमगत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे विषय पोचला कसा? शिकवायला पहिल्यांदा कोणी घेतला, कुठे? परीक्षेपुरतं नकोय, नीट समजून घ्यायचंय. इंग्रजी वाचू शकते, फ्रेंच-जर्मन येत नाही. कामावरून आल्यावर रोज तासभर मिळतो. काय वाचू आणि कोणत्या क्रमाने?

पारवा

चौदाव्या शतकातल्या अरब इतिहासकार इब्न खलदूनपासून सुरू करा. त्याचा 'मुकद्दिमा' हा ग्रंथ १३७७चा. टोळीतली एकजूट, म्हणजे त्याची 'असबिया', सत्ता मिळवून देते आणि शहरी ऐषआरामात तीच कशी झिजते, हे त्याने कॉम्तच्या साडेचारशे वर्षं आधी मांडलं. पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही याचं वाईट वाटतं.

उंबरठा

पारवा, मुकद्दिमा वाचायलाच हवा, यात दुमत नाही. पण निळी_शाई यांनी विचारलेला प्रश्न वेगळा आहे. समाजाबद्दल विचार करणं कधी सुरू झालं, हा एक इतिहास. त्या विचाराला विद्यापीठात जागा, पगार, विद्यार्थी आणि नियतकालिक कधी मिळालं, हा दुसरा. नोट्समध्ये दोन्ही एकत्र कालवतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. मी हा पेपर बरीच वर्षं शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉम्तने नाव दिलं. आधी तो 'सामाजिक भौतिकी' म्हणायचा. पण १८३५ मध्ये बेल्जियमच्या केतलेने तोच शब्द आपल्या ग्रंथाच्या नावात वापरला, तोही आकडेवारीच्या ग्रंथाच्या. कॉम्तला ते मुळीच रुचलं नाही, म्हणून आपल्या सहा खंडी ग्रंथाच्या १८३९च्या खंडात त्याने 'सोसिओलॉजी' हा नवा शब्द आणला. तुमच्यासारख्या सांख्यिकीवालीने ही गोष्ट ध्यानात ठेवावी: विषयाचं नावच आकड्यांपासून फटकून राहण्यासाठी बदललं गेलं, आणि साठ वर्षांत तोच विषय आकड्यांच्या जोरावर उभा राहिला. कॉम्तला मात्र प्राध्यापकाची जागा कधीच मिळाली नाही. परीक्षकाचं काम होतं, तेही गेलं आणि शेवटी अनुयायांच्या वर्गणीवर त्याचा चरितार्थ चालला.

त्याच्या सहा खंडांच्या वाटेला जाऊ नका. हॅरिएट मार्टिनोने १८५३ मध्ये त्यांचा दोन खंडांत इंग्रजी संक्षेप केला. तो कॉम्तला इतका पसंत पडला की त्याने स्वतः त्याची शिफारस केली, आणि पुढे त्याचंच परत फ्रेंच भाषांतर झालं. त्यातलं पहिलं प्रकरण वाचा, बास.

आणि मग थेट दुर्खीम. इथे खरंच रेंगाळा. १८८७ मध्ये बोर्दोला त्याची नेमणूक झाली ती शिक्षणशास्त्र आणि सामाजिक विज्ञान शिकवायला. १८७०च्या युद्धात जर्मनांकडून झालेल्या पराभवानंतरच्या फ्रेंच प्रजासत्ताकाला चर्चच्या पकडीबाहेरच्या शाळा हव्या होत्या आणि त्या शाळांना शिक्षक हवे होते. धर्माचा आधार न घेता नीती शिकवायची तर कशाच्या बळावर, या प्रश्नाला दुर्खीमकडे 'समाज' हे उत्तर होतं. म्हणजे फ्रान्समध्ये समाजशास्त्र विद्यापीठात शिरलं ते शिक्षक-प्रशिक्षणाच्या दाराने. १९०२ मध्ये तो पॅरिसच्या सोर्बन विद्यापीठात गेला तोही शिक्षणशास्त्रासाठीच. त्याच्या अध्यासनाच्या, म्हणजे प्राध्यापकपदाच्या, नावात 'समाजशास्त्र' हा शब्द यायला १९१३ उजाडलं. दरम्यान १८९८ पासून त्याने 'लाने सोसिओलोजीक' हे वार्षिक चालवलं. त्यात लेख थोडे आणि पुस्तक-परीक्षणं ढिगाने. कुठलं काम 'आपलं' आणि कुठलं नाही, हे त्या परीक्षणांतूनच ठरत गेलं.

त्याच्या पुस्तकांपैकी १८९७चं 'आत्महत्या' घ्या. पहिल्या भागातलं तिसरं प्रकरण आधी वाचा, ऋतू आणि हवामानाचं. उन्हाळ्याकडे प्रमाण वाढतं हे आधीच माहीत होतं आणि लोक दोष उष्णतेला देत. दुर्खीम महिनावार तक्ते मांडतो आणि दाखवतो की हा चढउतार तापमानापेक्षा दिवसाच्या लांबीशी जुळतो. मग म्हणतो, दिवस मोठा म्हणजे माणसांची आपसातली उलाढाल जास्त. पटो न पटो, एकेक खुलासा हातात घेऊन तो कसा बाजूला सारतो ते बघा. त्यासाठी भाच्याने, मार्सेल मॉसने, आत्महत्यांच्या सुमारे २६,००० नोंदी वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मुलं आहेत-नाहीत अशा हाताने वर्गवार लावल्या. त्या नोंदी मिळाल्या गाब्रिएल तार्दमुळे, जो न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख होता. दुर्खीम प्रस्तावनेत त्याचे आभार मानतो आणि लगेच चौथ्या प्रकरणात त्याच्याच सिद्धांतावर, म्हणजे माणसं एकमेकांचं अनुकरण करतात यातूनच समाज घडतो या म्हणण्यावर, तुटून पडतो.

बाकीचं पटकन. अमेरिकेत शिकागो विद्यापीठ नवं कोरं होतं, जुनी अध्यासनं आडवी येणार नव्हती. म्हणून १८९२ मध्येच अ‍ॅल्बियन स्मॉलच्या हाताखाली स्वतंत्र विभाग निघाला. १८९५ मध्ये नियतकालिक, १९०५ मध्ये राष्ट्रीय संघटना. ब्रिटनमध्ये पहिली अध्यासनं १९०७ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. जर्मनीत संघटना १९०९ची, अध्यासन मात्र पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये फ्रँकफुर्टला.

रानवाट

उंबरठा यांच्या प्रतिसादाला +१. 'आत्महत्या' वाचून झालं की लगेच डब्ल्यू. एस. रॉबिन्सनचा १९५०चा लेख वाचा. छोटासाच आहे. १९३०च्या अमेरिकन जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसते. पण माणूस माणूस धरून पाहिलं तर परदेशात जन्मलेलेच कमी साक्षर. कारण ते साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन वसले होते. प्रदेशाच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल बोलता येत नाही, हे त्यातून लख्ख कळतं. दुर्खीमचे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रांतांतल्या आत्महत्यांचे आकडे तो लेख मनात ठेवून पुन्हा बघा.

सांजवेळ

कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस राहिले की! 'द फिलाडेल्फिया निग्रो', १८९९. ते शहराच्या सातव्या वॉर्डात राहायला गेले आणि स्वतः घरोघर फिरून सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती घेतली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने पद दिलं 'सहायक', शिकवायला वर्ग दिला नाही. शिकागोच्या शहरी अभ्यासांचं कौतुक होतं ते १९२० नंतरच्या कामाचं. हे त्याच्या वीसेक वर्षं आधीचं आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्यांनी विद्यार्थ्यांसह हाताने रंगवलेले आलेख नेटवर सहज मिळतात. निळी_शाई, तुम्ही ते बघाच. एका तक्त्यात रेघ कागदावर मावत नाही म्हणून तिची गुंडाळी केली आहे. मी कितीतरी वेळ तेवढंच बघत बसले होते.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका. जागा मिळाली की नाही हेच मोजायचं, तर कॉम्तला मिळाली नाही, मार्क्सला तर नाहीच, आणि वेबर बराच काळ अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता असं वाचलं. मग या तसबिरी एका ओळीत लावल्या कोणी?

उंबरठा

अगदी मोक्याचा प्रश्न. ओळ बरीच नंतर लागली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्सने १९३७च्या ग्रंथात अर्थशास्त्रज्ञ मार्शल आणि पारेतो, दुर्खीम आणि वेबर हे चौघे निवडले आणि सगळे एकाच सिद्धांताकडे येत होते असं मांडलं. वेबरचं 'प्रोटेस्टंट एथिक' इंग्रजीत आणणाराही तोच, १९३० मध्ये. मार्शल आणि पारेतो पुढे गळले आणि मार्क्स आत आला. १९७१च्या गिडन्सच्या पुस्तकात मार्क्स-दुर्खीम-वेबर ही आजची तिकडी पक्की दिसते. खुद्द दुर्खीम आणि वेबर एकाच काळात आपापली नियतकालिकं चालवत होते, पण त्यांच्या लेखनात एकमेकांची दखल जवळजवळ नाहीच. 'एकाकडून दुसऱ्याकडे विषय कसा पोचला' हे तुम्हाला नोट्समध्ये सापडत नव्हतं, कारण पुष्कळदा तो तसा पोचलाच नव्हता. यावर रेविन कॉनेलचा १९९७चा लेख आहे, अभिजात सिद्धांत अभिजात का मानला जातो याबद्दलचा. तो दुर्खीम आणि ड्यू बॉइसनंतर वाचा. मूळ लेखन न वाचता तो वाचला तर नुसतं मत हाती लागेल.

निळी_शाई

दोन आठवड्यांनी परत आले. तिसरं प्रकरण दोनदा वाचलं. तक्त्यातले महिनावार आकडे घेऊन दिवसाच्या लांबीसोबत आलेख काढला. जुळतो, सुरेख जुळतो. पण वर्षातून एकदाच चढणारी आणि एकदाच उतरणारी कुठलीही गोष्ट दिवसाच्या लांबीशी बऱ्यापैकी जुळेलच ना? बारा बिंदूंवरून माणसांची उलाढाल सिद्ध कशी होते?

उंबरठा

महिन्यांवरून नाही होत. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो तिथे थांबत नाही. दिवसातले तास आणि आठवड्यातले वार यांचे तक्ते त्याच प्रकरणात पुढे आहेत. वारांवर सूर्याचा काही परिणाम नसतो. आता त्यांचा आलेख काढा आणि इथेच टाका.