जीएसटी कमाईत धरायचा का?

मेघना बी-३०२: अकाउंट्समधलं कुणी आहे का जागं? उलाढाल २० लाखांच्या वर चाललीय म्हणून एप्रिलमध्ये जीएसटी नंबर घेतला. इंटिरियर कन्सल्टन्सीचं बिल केलं, फी ६०,००० अधिक १८ टक्के, एकूण ७०,८००. बँकेत आले ६४,८००. एक्सेलमध्ये कमाई किती लिहू?

रोहित ए-१०४: आले तेवढे लिही की. ६४,८००.

जोशी काका सी-२०१: रोहित, तू कोडिंगच कर बाबा 😄
मेघना, कमाई ६०,०००. वरचे १०,८०० सरकारचे, तू नुसती सांभाळतेयस. आउटपुट (म्हणजे तू बिलात घेतलेला कर) सीजीएसटी, केंद्राचा, ५,४०० आणि एसजीएसटी, राज्याचा, ५,४०० अशी दोन खाती काढ, टॅली सॉफ्टवेअरमध्ये 'ड्युटीज अँड टॅक्सेस'खाली येतात. क्लायंटला ७०,८०० नावे, फी ६०,००० जमा, बाकी या दोन खात्यांत जमा. बिलाच्या तारखेलाच, पैसे येण्याची वाट न बघता.

मेघना बी-३०२: मग मधले ६,००० गेले कुठे?

जोशी काका सी-२०१: टीडीएस गं, म्हणजे क्लायंटने कापून तुझ्या नावाने सरकारला भरायचा इन्कम टॅक्स. १० टक्के, तोही फक्त फीवर, कारण जीएसटी तू बिलात वेगळा दाखवलास. पैसे आले त्या दिवशी बँक ६४,८०० नावे, 'टीडीएस येणे' ६,००० नावे, क्लायंट ७०,८०० जमा. त्याचं खातं मिटलं. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ते ६,००० दिसतायत ना, तेवढं बघ. कापतात पण भरत नाहीत असेही असतात.

सेक्रेटरी: गुरुवारी पुणे महापालिकेचं पाणी बंद 🙏 चालू द्या तुमचं.

मेघना बी-३०२: को-वर्किंगचं भाडं १०,००० आणि त्यावर १,८०० जीएसटी. ११,८०० खर्चात ना काका?

जोशी काका सी-२०१: खर्च १०,०००. १,८०० इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर तू दिलेला, तुझ्या देण्याच्या करातून वजा होणारा कर. येणंच ते. पण त्यांच्या बिलावर तुझा नंबर हवा आणि त्यांनी रिटर्न भरून ते तुझ्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या पत्रकात, उतरायला हवं. ते १४ तारखेला तयार होतं. त्यात नसेल तर या महिन्यात क्रेडिट विसर.
असेल तर १०,८०० वजा १,८००, म्हणजे ९,००० भरायचे, २० तारखेच्या आत ३बी या रिटर्नसोबत. भरले की इनपुट-आउटपुट सगळं शून्य. नफा-तोट्यात त्यातला एक रुपया जात नाही. उशीर केलास तर वर्षाला १८ टक्के व्याज, ते मात्र खर्चात, तुझ्या खिशातून.

स्मिताताई ए-४०१: आणि क्लायंटला जेवायला नेलं त्या बिलावरचा?

जोशी काका सी-२०१: खाण्यापिण्याचं क्रेडिट नाही. अख्खं बिल खर्चात टाका.

मेघना बी-३०२: पुढचा क्लायंट बंगळुरूचा आहे, फ्लॅट बाणेरला. म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा आयजीएसटी?

जोशी काका सी-२०१: इथे भलेभले चुकतात. इंटिरियरचं काम स्थावर मालमत्तेशी जोडलेलं, त्यामुळे फ्लॅट कुठे आहे ते बघायचं, माणूस कुठला ते नाही. बाणेर म्हणजे सीजीएसटी-एसजीएसटीच. कोथरूडच्या माणसाचा बंगळुरूतला फ्लॅट केलास तर आयजीएसटी.

रोहित ए-१०४: आणि क्लायंटने पैसेच दिले नाहीत तर?

जोशी काका सी-२०१: तरी २० तारीख आहेच. सर्व्हिस टॅक्सच्या काळात ५० लाखांपर्यंतच्या लहान लोकांना पैसे आल्यावर भरायची मुभा होती. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती गेली. मला हे आजही पटत नाही, पण माझ्या पटण्याला विचारतो कोण! मेघना, एक वेगळं बचत खातं काढ. पेमेंट आलं की टॅक्सचा भाग त्याच दिवशी तिकडे.

मेघना बी-३०२: शुक्रवारी बाणेरचं २५,००० टोकन येतंय. बिल अजून केलं नाही, मग टॅक्सही नाही ना?

जोशी काका सी-२०१: आहे. सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे हातात आले की लागतो. ते २५,००० टॅक्ससकट धरायचे. २५,००० गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे ३,८१३ रुपये ५६ पैसे. क्लायंटला रिसीट व्हाउचर दे, म्हणजे ॲडव्हान्स मिळाल्याची पावती. राहिलेले २१,१८६.४४ ॲडव्हान्स म्हणून देण्यात ठेव. बिल करशील तेव्हा फीत वळव, आधी नाही.

मेघना बी-३०२: शीट पाठवू का तुम्हाला? पीडीएफ करून?

जोशी काका सी-२०१: पीडीएफ नको, एक्सेलच पाठव. फॉर्म्युले बघायचेत. आणि मलाच पाठव गं, ग्रुपवर नको टाकूस.