मदत हवी आहे: साडेचार वर्षांची मुलगी पुन्हा चड्डीत शू करू लागली

दिवसाचा डायपर तिसऱ्या वर्षीच सुटला होता. जूनमध्ये ज्युनिअर केजी सुरू झाल्यापासून दिवसातून दोन-तीनदा चड्डी ओली. चड्डीला शीचे पातळ डागही असतात. शी तीन-चार दिवसांनी, पण भलीमोठी. रात्रीची कोरडी ती कधीच नव्हती. बाराला उठवून शू करवतो, तरी पहाटे गादी ओली. आजी म्हणते जुलाब, बाई म्हणतात मुद्दाम करते. काय करावं?

प्रतिसाद १
शू बाजूला ठेवा, आधी शीचं बघा. शाळेतल्या संडासात जायला नको म्हणून मुलं शी दाबून धरतात. साचलेल्या मळाने गुदाशय फुगतं आणि पुढच्या मूत्राशयाला दाबतं. या वयात मूत्राशयात शू मावतेच साधारण १५० मिली. दाब आला की ते भरण्याआधीच एकदम घाई होते. आणि ते डाग जुलाबाचे नव्हेत. कडक खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, ताणलेल्या गुदाशयाला ते कळतही नाही. जुलाब थांबवायचं औषध चुकूनही देऊ नका. मुद्दाम करण्याचा तर प्रश्नच नाही.

बालरोगतज्ज्ञांकडून पोट मोकळं करून घ्या. बहुधा शी मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतील, डोस वजनावर. आठवड्यात शी मऊ झाली की घरचे पावडर बंद करतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. गुदाशय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, तोवर औषध चालू. मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी. पपई, काळे मनुके चांगलेच, पण आतला खडा त्यांनी निघत नाही. दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा.

नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर ५ ते १० मिनिटं बसवा. कमोडवर छोटी सीट, पायाखाली स्टूल, गुडघे कमरेपेक्षा जरा वर. पाय लोंबकळत असले तर जोर लावता येत नाही. स्टिकर द्यायचं ते बसल्याबद्दल, कोरडं राहिल्याबद्दल नाही.

धागाकर्ती
संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केलंय. तसंच ठेवू?

प्रतिसाद २
नको, शी आणखी घट्ट होईल. दिवसभरात एक ते सव्वा लिटर, त्यातलं बरंचसं संध्याकाळच्या आत. झोपायच्या आधीच्या तासात घोटभर. दर दोन तासांनी शूला न्या. "लागली का?" विचारलंत की "नाही"च येणार.

रात्रीची घाई नको. पाचव्या वर्षीही शंभरातली पंधराएक मुलं गादी ओली करतात. बाराला उठवल्याने गादी वाचते, सवय लागत नाही. खुशाल डायपर घाला. नसेल घालायचा तर रबरी शीट, चादर, पुन्हा शीट, पुन्हा चादर: रात्री वरचा थर ओढला की झालं.

प्रतिसाद ३
तहान खूप वाढून वजन घटत असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. जळजळ किंवा ताप असेल तर अँटिबायोटिकच्या आधी लघवीची तपासणी. शू सतत थेंबथेंब गळणं, चाल बदलणं, कमरेखाली मणक्यावर केसांचा पुंजका, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शाळेलाही चिठ्ठी द्या: मागेल तेव्हा सोडायचं, तास संपेपर्यंत थांबवायचं नाही. दप्तरात दोन चड्ड्या. आणि एकदा तिथला संडास स्वतः बघून या. कडी उघडता येत नाही किंवा नळाला हात पोहोचत नाही, एवढ्यावरूनही मुलं दिवसभर धरून बसतात.