अनुभव धागा: गाणी वर्गणीवर ऐकायची की आपल्याजवळ ठेवायची? कोकणवाल्यांनी लिहा

महिन्याची वर्गणी भरून अ‍ॅपवर ऐकायचं की फायली, सीडी, कॅसेटी आपल्या ताब्यात ठेवायच्या? रेंज, लाइट आणि खारी हवा धरून लिहा. किस्से नकोत. काय करायचं, किती लागतं आणि कुठे बिघडतं, तेवढंच हवं.

हर्णै: बोटीवर जाणाऱ्यांनी डाउनलोड बंदरातच उरकावं, पुढे रेंज नाही. स्पॉटिफायच्या डाउनलोडची सोय असलेल्या वर्गणीत एका फोनवर 10,000 गाणी उतरतात. दर्जा सेकंदाला 320 किलोबिट ठेवलात तर मिनिटाला 2.4 एमबी, म्हणजे पाच मिनिटांची 500 गाणी 6 जीबी. 96 वर ठेवलात तर तीच 1.8 जीबीत बसतात, आणि इंजिनाच्या आवाजात फरक कळत नाही. नवीन गाणी शोधायला वर्गणीसारखी सोय नाही, हे मनापासून सांगतो.

दापोली: पण 30 दिवसांत एकदा तरी फोन नेटला लागावा लागतो, नाहीतर उतरवलेलं वाजत नाही. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इकडे कित्येक दिवस ना लाइट होती ना टॉवर. शिवाय अ‍ॅपमधली फाइल कुलूपबंद असते, पेनड्राइव्हवर घेऊन उपयोग नाही. गाण्याची कंपनी आणि अ‍ॅपचा करार संपला की वर्गणी चालू असूनही गाणं यादीतून जातं.

मालवण: गावागावांत टेप केलेल्या डबलबाऱ्या (दोन बुवांचे भजनी सामने) आणि दशावतार अ‍ॅपवर मिळायचे नाहीत, म्हणून घरातल्या कॅसेटी आधी वाचवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालू नका. हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटून पुढच्या चांगल्या कॅसेटीत जाते. स्वच्छ कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, चिकटलेले वेढे सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं होऊ द्या. डेकच्या लाइन-आउटची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनलाच जोडा. माइकच्या सॉकेटला लावली तर आवाज फाटतो, कारण तो फार क्षीण सिग्नलसाठी असतो. ऑडॅसिटीत (कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा प्रोग्राम) 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट ठेवा. पखवाजाची जोरातली थाप उणे 6 डेसिबलच्या आत राहील इतकी लेव्हल ठेवा. सी-90 म्हणजे 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, वेव्ह फाइल जवळपास 475 एमबी. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून टाळ सर्वांत मोकळे ऐकू येतील तिथे थांबा. मूळ प्रतीवर नॉइज रिडक्शन (खरखर कमी करायची सोय) कृपा करून वापरू नका, टाळांची धार मरते. ती एकदा गेली की परत येत नाही.

चिपळूण: गाडीसाठी 32 जीबीचा पेनड्राइव्ह, एफएटी32 फॉरमॅट. जुने स्टिरिओ एनटीएफएस वाचत नाहीत. बरेच स्टिरिओ कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात, म्हणून नावाआधी 001, 002 घाला आणि त्याच क्रमाने कॉपी करा.

अलिबाग: मालवणच्या दादांना पुरवणी. सीडी फ्लॅकमध्ये उतरवा. वेव्हच्या साधारण निम्म्या जागेत बसते आणि काही गळत नाही. सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही. दोन हार्ड डिस्क ठेवा, एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे. इथली डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात, आणि पुड्या पावसाळ्याआधी बदला. फाइलच्या नावात बुवा, गाव, साल लिहा; कॅसेटच्या कागदावरची शाई आधी उडते.