हेलिकॉप्टर गिअरबॉक्स: बेअरिंग मिसअलाइनमेंटच्या प्रोजेक्टसाठी सल्ला हवा

रोटर_विद्यार्थिनी: एमटेकसाठी टेस्ट रिगवर सिलिंड्रिकल रोलर बेअरिंग (शाफ्टला आधार देणारं, दंडगोल रोलरचं) शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून मुद्दाम तिरकं (मिसअलाइन) बसवणार आहे. हेलिकॉप्टरच्या मेन गिअरबॉक्समध्ये यामुळे काय बिघडतं ते समजून घ्यायचंय. किती तिरकं करू? आणि मोजू काय: व्हायब्रेशन, तापमान की तेलातले धातूचे कण?

वंगण: तिरकसपणा अंशांत नाही, मिनिटांत ठेवा (६० मिनिटं म्हणजे १ अंश). हे बेअरिंग जेमतेम ३-४ मिनिटं सोसतं. त्यापुढे भार रोलरच्या पूर्ण लांबीवर न पसरता एका टोकाला एकवटतो आणि तिथून पापुद्रे सुटू लागतात. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या १०/३ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य साधारण दहावा हिस्सा उरतं. त्यामुळे टोकावरचा ताण आधी गणिताने काढाच. मोजायला व्हायब्रेशन घ्या. शाफ्टच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीवर आणि गिअर मेश फ्रिक्वेन्सीच्या (दर सेकंदाला किती दात एकमेकांत बसतात त्याच्या) साइडबँडवर, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या छोट्या शिखरांवर, लक्ष ठेवा.

जुना_फिटर: वरच्या सल्ल्यात एक मोठी गोष्ट राहिली. वर्कबेंचवर अचूक सरळ जुळवलेला गिअरबॉक्स उडताना तसा राहत नाही. हाउसिंग (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, शाफ्ट पोलादाचा; तापल्यावर मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. शिवाय रोटरचा भार हाउसिंगला वाकवतो. शिमचा आकडा म्हणजे खरा कोन नव्हे. भार देऊन, तेल गरम करून, चालू स्थितीत कोन मोजा. हे केलं नाही तर बाकी आलेख काढून उपयोग नाही.

वंगण: मान्य, हे आधी करा.

चिप_डिटेक्टर: एकाच सेन्सरवर विसंबू नका, ही कळकळीची विनंती. २०१६ मध्ये नॉर्वेत तुरॉयजवळ ईसी२२५ हेलिकॉप्टर कोसळलं, १३ जण गेले. मेन गिअरबॉक्समधल्या प्लॅनेट गिअरला (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरला) बेअरिंगच्या रेसकडून, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्याकडून, फटीग क्रॅक (वारंवारच्या भाराने पडणारा तडा) गेला होता. कारण मिसअलाइनमेंट नव्हतं, पण चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारा सेन्सर) आणि व्हायब्रेशन मॉनिटरिंग, दोन्हींकडून इशारा मिळाला नाही. तुमच्या रिगवर धातूचे कण पकडणारा चुंबकीय प्लग स्वस्तात बसेल, बसवाच.

रोटर_विद्यार्थिनी: खूप आभार. स्फेरिकल रोलर बेअरिंग (फुगीर रोलरचं, तिरकसपणा सोसणारं) वापरलं तर प्रश्नच मिटेल का?

जुना_फिटर: बेअरिंगपुरता बराचसा मिटेल, ते १-२ अंशही सांभाळून घेतं. पण शाफ्ट तिरका तो तिरकाच. गिअरच्या दातांचा संपर्कपट्टा (दात एकमेकांना जिथे टेकतात तो भाग) कडेला सरकलेलाच राहतो, आवाज वाढतो, दाताच्या मुळाशी ताण चढतो. दातांना मार्किंग कंपाउंड (ठसा उमटवणारा रंग) लावून पट्टा कुठे पडतो ते प्रत्येक चाचणीनंतर बघा, फोटो ठेवा.