विषय: निवडणुकीआधीची रजा

१९ फेब्रुवारी २०१३

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने केनियातल्या ४ मार्चच्या मतदानासाठी दोन आठवडे रजा मागितली आहे. जन्म रिफ्ट व्हॅलीतल्या एल्डोरेटचा, शाळा तिथलीच. पण म्हणते, "तिकडे नको, न्येरीला जाते," म्हणजे मध्य केनियात. न्येरीहून आजोबा आले होते, एवढंच नातं. आम्ही नैरोबीत नवीन आहोत. ही भीती कशाची?
– वेस्टलँड्सची नवी सभासद

२० फेब्रुवारी

बाळ,
रजा दे, पगार कापू नकोस.

रिफ्ट व्हॅलीतली सुपीक जमीन इंग्रजांनी हिसकावून गोऱ्या शेतकऱ्यांना दिली. १९६३ला स्वातंत्र्य आलं, गोरे जमिनी विकू लागले. मध्य केनियातल्या किकुयू समाजाच्या लोकांनी वर्गणी काढून, कंपन्या-सोसायट्या करून त्या विकत घेतल्या. रिफ्ट व्हॅलीतले मूळचे कालेंजिन लोक म्हणतात, आमचीच जमीन, ती आम्हाला परत मिळायला हवी होती. दोघांचं म्हणणं खोटं नाही, आणि पुढारी नेमकी तीच जखम उकरतात. १९९२, १९९७च्या निवडणुकांच्या वेळी घरं जळालीच होती. ३० डिसेंबर २००७ला, निकालावर वाद चालू असतानाच, किकुयू असलेल्या राष्ट्राध्यक्ष किबाकींनी संध्याकाळी घाईघाईत पुन्हा शपथ घेतली आणि देश पेटला. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ किआम्बाच्या चर्चमध्ये आसरा घेतलेली किकुयू बायकामुलं जाळली गेली. महिनाअखेर नैवाशा-नाकुरूत उलटं झालं, तिथे कालेंजिन आणि विरोधी नेते ओडिंगांच्या लुओ समाजाचे लोक मारले गेले. या हिंसेची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने १,१३३ मृत्यू नोंदवले. सहा लाखांवर माणसं बेघर झाली.

आम्ही काही जण तेव्हा पीठ आणि ब्लँकेटं घेऊन नाकुरूच्या शोग्राउंडवरच्या बेघरांच्या छावणीत गेलो होतो. पाठीला लेसोत, म्हणजे तिकडच्या सुती कापडात, मूल बांधलेल्या एका बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून जमीन-कंपनीच्या शेअरचा कागद काढला. घडीवर शाई उतरली होती. "नंबर दिसतो ना?" एवढंच तिने विचारलं. ब्लँकेट तिने नंतर घेतलं.

पुढे सरकारने 'रुडी न्युम्बानी', म्हणजे घरी परता, असं म्हणत दहा हजार शिलिंग दिले, घर जळालेल्यांना आणखी पंचवीस हजार. पण नातेवाइकांकडे राहिलेले कितीतरी जण यादीतच आले नाहीत. तुझ्या बाईच्या घरच्यांचं काय झालं, विचार.

या खेपेला किकुयूंचे नेते उहुरू केन्याटा आणि कालेंजिनांचे नेते रुटो एकत्र आहेत, म्हणून सगळे निर्धास्त आहेत. सगळं शांततेत पार पडो. पण जमिनीचा वाद तसाच आहे. तिकडे बाहेरच्यांना 'मदोआदोआ' म्हणत, म्हणजे डाग. भूमिपुत्र, परप्रांतीय हे शब्द ऐकत वाढलेल्या आपल्याला ते लगेच कळायला हवं.
– पार्कलँड्सचे काका

२२ फेब्रुवारी

काका,
विचारलं. तेव्हा ते मावशीकडे राहिले, यादीत नाव नाही, पैसे नाहीत. शेत शेजारी कसतो. तिला पूर्ण पगार आधीच दिला. शनिवारी बसपर्यंत सोडते. जाताना ती आपल्या मुलीचा जन्मदाखला आणि शेताचा कागद माझ्याकडे ठेवायला देणार आहे.