मदत हवी आहे: कणकवलीत बी.एस्सी. नर्सिंग कॉलेजसाठी खाटा, अंतर आणि इमारतीचे निकष

गडनदी
नमस्कार मंडळी. कणकवलीजवळ आमच्या सार्वजनिक न्यासाचं रुग्णालय आहे, नर्सिंग होम नोंदणी १०० खाटांची. बी.एस्सी. नर्सिंगच्या ६० जागांसाठी अर्ज करायचा आहे. कागद जुळवताना चार ठिकाणी गाडं अडलंय.

१. संलग्न रुग्णालय, म्हणजे आमच्या रुग्णालयाखेरीज विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या अनुभवासाठी जोडलेलं रुग्णालय, म्हणून ओरोसचं जिल्हा रुग्णालय, सावंतवाडी आणि जवळचं एखादं ग्रामीण रुग्णालय दाखवता येईल का? डोंगराळ भागासाठी ५० किलोमीटरची सवलत आहे असं ऐकलं.
२. बेड ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खाटांचं प्रमाण, ७५ टक्के हवी म्हणतात. आमची साठच्या आसपास आहे. ती नक्की मोजतात कशी?
३. इमारत एका विश्वस्तांच्या नावावर आहे. भाडेकरार चालेल का?
४. आधी कुठे जायचं? नाशिकला, मंत्रालयात, की दिल्लीला?

एजंट नको आहे. माहिती हवी आहे.

तिठा
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बी.एस्सी.चा प्रस्ताव जातो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. तुमचं ठिकाण बृहत आराखड्यात, म्हणजे नवी कॉलेजं कुठे हवीत याच्या आराखड्यात, बसतं का ते सगळ्यात आधी बघा, नाहीतर पुढची मेहनत फुकट. विद्यापीठ शिफारशीसह प्रस्ताव वैद्यकीय शिक्षण विभागाकडे पाठवतं. शासनाची परवानगी आल्यावर विद्यापीठाची संलग्नता, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची तपासणी आणि भारतीय परिचर्या परिषदेची, म्हणजे आयएनसीची, तपासणी. आयएनसी १९४७च्या कायद्याच्या कलम १३ खाली तपासणी करते आणि हल्ली ‘सुटेबिलिटी’, म्हणजे योग्यतेचं पत्र, देते. लोक त्याला सरसकट मान्यता म्हणतात. २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आयोगाचा नवा कायदा संमत झाला आहे, म्हणून दुसऱ्या कॉलेजची जुनी फाईल समोर ठेवून अर्ज भरू नका, संकेतस्थळावरचा चालू नमुनाच घ्या. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेची, वाट निराळी, तिथे परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते.

आता अंतर. संलग्न रुग्णालय १५ ते ३० किलोमीटरच्या परिघात हवं. ५० किलोमीटरची सवलत आहे, पण ती आदिवासी आणि डोंगराळ भागाला, आणि ‘डोंगराळ’ची व्याख्या आयएनसीने स्वतः केलेली आहे: जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड आणि ईशान्येची राज्यं. आदिवासी म्हणजे राष्ट्रपतींनी अधिसूचित केलेलं अनुसूचित क्षेत्र. त्यात जव्हार-मोखाडा येतं, सिंधुदुर्ग येत नाही. फोंडाघाट कितीही उभा असला तरी आपण सपाटीवरचे. त्यामुळे सावंतवाडी बाद, ओरोस बसतं.

ग्रामीण रुग्णालय मात्र दुसऱ्याच कारणाने अडकेल. संलग्न रुग्णालयाला किमान ५० खाटा लागतात आणि आपल्याकडची ग्रामीण रुग्णालयं साधारण ३० खाटांची. उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं असतं, तिथे विचारा. ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र सामुदायिक आरोग्याच्या अनुभवासाठी दाखवा, त्यांची तिथे गरज आहेच.

ओरोसच्या पत्राबद्दल एक. जिल्हा रुग्णालय आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. संमतिपत्र अधिष्ठात्यांच्या सहीचं लागेल की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या सहीचं पत्र म्हणजे पत्रच नाही. शिवाय त्या पत्रात विभागवार खाटा आणि तिथे आधीपासून येणाऱ्या कॉलेजांची विद्यार्थीसंख्या लिहून घ्या. त्याच खाटा तीन कॉलेजांनी दाखवल्या तर तपासणीत तिघांनाही तोंड द्यावं लागतं.

वॉर्डबुक
ऑक्युपन्सीबद्दल. खाटा गुणिले दिवस हा छेद, रोज मध्यरात्री वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णांची बेरीज हा अंश. १०० खाटा, ३० दिवस म्हणजे ३००० खाट-दिवस. ७५ टक्क्यांना २२५० लागतात. तुमचे साठ टक्के म्हणजे १८००, महिन्याला ४५० कमी, रोजचे १५ रुग्ण कमी.

त्या बेरजेत काय धरायचं नाही ते बघा, कारण साठ हा आकडासुद्धा फुगलेला असू शकतो. डायलिसिसला सकाळी येऊन संध्याकाळी गेलेला, मोतीबिंदूचा त्याच दिवशी सुटलेला, कॅज्युअल्टीत दोन तास निरीक्षणाखाली ठेवलेला: यातलं कुणीच मध्यरात्रीच्या गणतीत नसतं. आईजवळ झोपलेलं निरोगी बाळ वेगळा रुग्ण नाही. मात्र एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, दाखल बाळ धरायचं.

तपासनीस एकच रजिस्टर बघून उठत नाहीत. आयपीडी (आंतररुग्ण) नोंदवही उघडतात, त्यातला एखादा क्रमांक घेतात आणि त्या तारखेचं वॉर्डचं रिपोर्ट बुक मागतात. नाईट सिस्टरने रात्रीच्या रिपोर्टमध्ये ‘एकूण २२’ लिहिलंय आणि गणतीत ३१ आहेत, तर संपलं. मग टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट, औषधांचे इंडेंट (मागणीपत्रं), बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या पिशव्यांची बारकोडवाली वजनं. शंभर खाटा भरलेल्या आणि कचरा तीस खाटांचा, हे लपत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री गावातली माणसं आणून झोपवा म्हणणारे सल्लागार भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा. सलाईन लावलेल्या हाताला सुईची खूण नाही, हे कुठलीही सिस्टर दारातून ओळखते.

आपल्याकडे गणपतीत आणि शिमग्यात ठरवून करायची ऑपरेशनं कुणी करत नाही. ‘खाटी आसत, पेशंट खंय आसत?’ अशी गत. म्हणून एका महिन्याचा आकडा देऊ नका, वर्षाचा महिनावार तक्ता द्या. आकडा खरोखर वाढवायचा तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय अंगीकृत करून घ्या आणि प्रसूती व बालरोग विभागाला पूर्णवेळ डॉक्टर द्या. या दोन विभागांच्या खाटा तशाही लागतातच: मेडिसिन ३०, सर्जरी ३०, प्रसूती-स्त्रीरोग ३०, बालरोग २०, अस्थिरोग १० अशी विभागणी अपेक्षित असते. बेरीज १२० होते, म्हणजे तुमच्या शंभरात ती पूर्ण बसत नाही, उरलेलं ओरोसमधून दाखवावं लागेल.

विद्यार्थी-रुग्ण प्रमाण १:३. एका पाळीत ३० मुली वॉर्डात सोडल्या तर समोर ९० रुग्ण हवेत, नुसत्या खाटा नव्हेत. पहिल्या वर्षी हे जमतं. चार वर्षांच्या मिळून २४० मुली झाल्या की मास्टर रोटेशन प्लॅन, म्हणजे कोणती तुकडी कधी कुठल्या वॉर्डात याचं वर्षाचं वेळापत्रक, कोलमडतो. तो आत्ताच चारही वर्षांचा करून बघा. बसत नसेल तर ४० जागांनी सुरुवात करा.

सातबारा
इमारतीचं. विश्वस्ताच्या मालकीची इमारत चालते, पण करार ३० वर्षांचा हवा आणि ३० वर्षं तो रद्द करता येणार नाही असं कलम त्यात स्पष्ट हवं. ११ महिन्यांचा नोटरी करार घेऊन जाऊ नका. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो.

खरी मेख पुढे आहे. ज्यांची इमारत आहे ते गृहस्थ आज परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीत, विश्वस्त म्हणून आहेत का? विश्वस्त-बदलाचा फेरफार अर्ज तिथे पडून असेल तर कागदावर ते अजून परकेच. आणि सातबारा नीट वाचा. आपल्याकडे पणजोबांच्या नावानंतर सतरा वारस, त्यातले निम्मे मुंबईत. सामाईक गटातल्या इमारतीचा करार एकाच्या सहीने केला तर तो उद्या कुणीही आव्हान देऊ शकतो. इतर हक्कांत कुळकायदा कलम ४३ चा (परवानगीशिवाय हस्तांतराला बंदीचा) शेरा असेल तर तो आधी निस्तरा. मग अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला.

६० जागांना शैक्षणिक इमारत २३,२०० चौरस फूट, वसतिगृह वेगळं. न्यासाच्या घटनेत शिक्षणाचा उद्देश लिहिलेला आहे का, हेही बघा. जुन्या न्यासांत ‘वैद्यकीय मदत’ एवढंच असतं.

तिठा
सातबारांच्या मुद्द्याला जोडून: रुग्णालय न्यासाच्या किंवा विश्वस्ताच्या मालकीचं हवं, आणि ते ३० वर्षं याच कॉलेजचं पॅरेंट हॉस्पिटल (स्वतःचं मुख्य रुग्णालय) राहील, दुसऱ्या कुणाला दाखवलं जाणार नाही, असं हमीपत्र द्यावं लागतं. नर्सिंग होम नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना आणि अग्निशमन दाखला, तिन्हींवर खाटांचा आकडा एकच आहे ना? ६० वरून १०० करताना नोंदणी वाढवतात आणि बाकीचे दोन कागद साठवरच राहतात.

गडनदी
तिन्ही काढून बघितले. प्रदूषण मंडळाच्या परवान्यावर ६० आहे! उद्याच अर्ज करतो. शिक्षकांचं काय? आणि मनोरुग्णालय ३० किलोमीटरमध्ये कुठून आणू?

वॉर्डबुक
शिक्षक १:१०, म्हणजे चारही वर्षं भरल्यावर प्राचार्य धरून २४. बेळगाव, कोल्हापूर, केरळकडून माणसं मिळतात, पण परराज्यातली नोंदणी असेल तर महाराष्ट्र परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय नाव यादीत घालू नका. एम.एस्सी. झालेली असेल तर ती वाढीव पात्रता म्हणून परिषदेत नोंदलेली हवी. प्रत्येकाचा एनयूआयडी, म्हणजे परिचारिकांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या. आधीच्या कॉलेजने कार्यमुक्त केलं नसेल तर तोच माणूस दोन ठिकाणी दिसतो आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. पगार बँकेतूनच द्या, रोखीच्या पावत्या कुणी धरत नाही.

प्रयोगशाळेत फाउंडेशन लॅबला सहा विद्यार्थ्यांमागे एक खाट आणि प्रत्येक साहित्याचे १० ते १२ संच. मॅनिकिन (सरावाचे पुतळे) प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, जुलैत उघडाल तेव्हा मानेपासून बुरशी असते. खोलीत डिह्युमिडिफायर लावा आणि बॅटऱ्या काढून ठेवा.

मानसोपचाराला रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. मानसिक रुग्णालय ३० ते ५० खाटांचं तरी हवं आणि जिल्ह्यातल्या खाजगी क्लिनिकांत ते भागत नाही. कणकवलीहून शंभर किलोमीटरच्या वर पडतं, रोज ये-जा होणार नाही. मुक्कामी पोस्टिंग लावा. संमतिपत्रात एका वेळी किती विद्यार्थी, कोणत्या तारखा, प्रतिविद्यार्थी शुल्क किती हे हवं. राहायची जागा, सोबत राहणारी शिक्षिका आणि बसची कागदपत्रं त्याच फाईलला जोडा. कोकणातली बरीच कॉलेजं तिथेच जातात, तेव्हा तारखा आधी मागा आणि मग वेळापत्रक करा.